रायफलीवरील नाव आणि रायफलीचा कर्ता



पत्रिकेत आमच्या नावापुढे हा विषय छापलेला पाहून पुष्कळांनी विचारले की, युनियनच्या माणसाला बंदुकांशी काय कर्तव्य? आम्ही शिकारी नाही. उभ्या आयुष्यात ससाही मारलेला नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील शिकारीचा शौक जवळजवळ संपविलाच आहे. परंतु सोळाव्या वर्षी लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला यंत्रातून निघालेली वस्तू दिसली की, ती कोणाच्या हातची, हे विचारल्यावाचून राहवत नाही. रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने घेतलेल्या तीन जुन्या अमेरिकन कॅटलॉगांत आम्हाला एकच रायफल तीन नावांनी दिसली. त्या दिवसापासून हा नाद लागला.

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेत घरी परतलेल्या शिपायांना, शेतकऱ्यांना, गिरणीकामगारांना हरणाच्या हंगामासाठी परवडणारी रायफल हवी होती. स्टीव्हन्स ही जुनी कंपनी १९२० साली सॅव्हेज कंपनीने विकत घेतली होती. तिने १९४७ मध्ये '३२५' ही बोल्टची रायफल काढली. बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखा पोलादी दांडा. मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे सारला की नवे काडतूस आत जाते. १९५० मध्ये हीच रायफल थोड्या फेरफाराने 'सॅव्हेज ३४०' झाली आणि १९८५ पर्यंत निघत राहिली. श्रीमंतांच्या रायफलींवर जाड ग्रंथ आहेत. हिच्या वाट्याला बहुधा तळटीपच येते.

आता ओळखावयाची कशी? प्रथम बोल्टची मूठ पाहावी. सुरुवातीच्या ३२५ ची मूठ चपटी, लोणी लावण्याच्या सुरीसारखी. नंतर ती गोल गोळ्याची झाली. मग डावी बाजू पाहावी. या रायफलीची मागची कमान बोल्टच्या दांडीसाठी चिरलेली असल्यामुळे दुर्बीण वर बसत नाही, बाजूने बसवावी लागते. जुन्या नगांना त्यासाठी भोके नाहीत. नंतरच्यांना कारखान्यातच आटे पाडून दिले. मग नळीवरचा पत्ता वाचावा. चिकोपी फॉल्स असेल तर नग जुना, वेस्टफील्ड असेल तर १९६० च्या सुमारास कारखाना हलल्यानंतरचा. नावामागे 'एस' असेल तर दस्त्यावर नक्षी असलेली भारी प्रत. '३४२' असेल तर .२२ हॉर्नेट या लहान काडतुसाची. हा वेगळा आकडा मात्र थोड्याच वर्षांत मोडीत निघाला.

येथवर सोपे आहे. खरी गंमत पुढेच. हीच रायफल 'स्प्रिंगफील्ड ८४०' म्हणून निघाली, मॉन्टगोमेरी वॉर्डच्या दुकानांत 'वेस्टर्न फील्ड' झाली आणि वेस्टर्न ऑटोच्या दुकानांत 'रेव्हलेशन'. बरे, 'वेस्टर्न फील्ड' म्हटले की सॅव्हेजच, असेही नाही. त्या नावाखाली मॉसबर्ग कंपनीच्याही बंदुका खपत. सीअर्स या मोठ्या दुकानाच्या बंदुकांवर 'जे. सी. हिगिन्स' असे भारदस्त नाव असे. हा हिगिन्स कोणी नामांकित बंदूककार असावा, असे आम्हीही बरीच वर्षे समजत होतो. तो निघाला सीअर्सच्याच कचेरीतील हिशेबनीसांचा प्रमुख! मधले 'सी' हे अक्षरही दुकानाने पदरचे घातलेले. पण सीअर्सच्या मालावर एक आकडा असतो आणि त्यातील टिंबाआधीचे तीन अंक चुगली करतात. १०३ म्हणजे मार्लिन, २७३ म्हणजे विंचेस्टर, ५८३ म्हणजे हाय स्टँडर्ड.

हे वाचताना आम्हाला आमच्याच एका लढ्याची आठवण झाली. पंप करणारा एक कारखाना होता. शेड एक, दरवाजे तीन, पाट्या तीन. अठरा, सतरा आणि एकोणीस असे कामगार वाटून दिलेले. कारण वीस झाले की प्रॉव्हिडंट फंड लागू होतो. मालक म्हणे, तिन्ही कंपन्यांचा एकमेकींशी संबंध नाही. कागद सगळे त्याच्या बाजूचे. आमच्या एका फिटरने तिन्ही नावांच्या पंपांची झाकणे आणून आमच्यापुढे टाकली. ड्रिलच्या जिगमधील एक बुश झिजलेला होता. त्यामुळे तिन्ही झाकणांत तेच भोक, त्याच बाजूला, अर्धा मिलिमीटर सरकलेले. निकाल आमच्या बाजूने लागला, पण त्याला चार वर्षे गेली. तो फिटर तोवर वारला होता. त्याच्या पत्नीच्या हाती पैसे पडण्यास आणखी एक वर्ष लागले.

असो. रायफलीचा खरा कर्ता शोधणे हा केवळ हौसेचा भाग नाही. १९६८ च्या अमेरिकन कायद्यापूर्वी अशा स्वस्त बंदुकांपैकी पुष्कळांवर अनुक्रमांकच नसे. तेव्हा वहीत पाहून काही सांगता येत नाही, वस्तूच वाचावी लागते. .३०-३० च्या नगाचे मॅगझिन .२२२ च्या नगाला चालत नाही. पुढे ३४० ही .२२३ मध्येही निघाली. .२२२ चे काडतूस .२२३ च्या कोठीत आत जाते, पण सैल बसते. उडविले तर पुंगळी फाटून गरम वायू मागे, तोंडावर येण्याची भीती. म्हणून पेटीवरील चिठ्ठीवर भिस्त ठेवू नये. नळीवरचा शिक्का वाचावा, आणि नळी बदलल्याचा संशय असेल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून कोठी मोजून घ्यावी.

रेमिंग्टन कंपनीची '७८८' ही १९६७ ते १९८३ पर्यंतची स्वस्त रायफल. बोल्टच्या मागच्या अंगाला नऊ दाते दिसले की दुसरे काही विचारू नये. नळीच्या डाव्या बाजूस, मुळाशी, बारीक अक्षरे असतात. 'ब्लॅकपावडर', म्हणजे काळी दारू, या इंग्रजी शब्दाची अकरा अक्षरे आणि शेवटी 'एक्स', असे बारा महिने: 'बी' जानेवारी, 'एल' फेब्रुवारी, 'ए' मार्च. पुढचे अक्षर वर्षाचे. वर्षाचे 'ए' १९५४ सालीही होते आणि १९८० सालीही. पण ७८८ वर ते दिसले तर १९८० च, कारण १९५४ मध्ये ही रायफल जन्मलीच नव्हती. हे अक्षर ठोकणारे हात न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावचे. तेथील कामगारांची युनियन खाणकामगारांची, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. २०२० मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि पाचशेहून अधिक माणसे एकदम घरी बसली. पुढे नव्या मालकाने काहींना परत बोलावले. मार्च २०२४ मध्ये कारखाना कायमचा बंद झाला. १८२८ पासून त्या गावात बंदुका होत होत्या.

ते तीन कॅटलॉग आणि पंपाची तिन्ही झाकणे येथे टेबलावर ठेवली आहेत. ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी पुढे यावे. झाकणे अजून तेलकट आहेत, कपडे तेवढे सांभाळावेत.