नायकाशेजारचा नट

रंगभूमीवर राजा एकच असतो. परंतु त्याच्यापुढे मान लवविणारा कोणी नसला, तर त्याचे राजेपण प्रेक्षकांनी मानावे कसे? जयंत सावरकर यांची नटजीविका म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होय.

3 मे 1936 रोजी गुहागर येथे जन्मलेले सावरकर मुंबईस आले आणि प्रथम पडद्यामागील कामे करू लागले. पुढे नटवर्य मामा पेंडसे त्यांचे श्वशुर झाले. ‘एकच प्याला’चा नायक सुधाकर खरा, पण त्याला मद्याची वाट दाखविणारा तळीराम फिका पडला, तर सुधाकराचा अधःपात मनास पटत नाही. सावरकरांनी हा तळीराम रंगविला. ‘व्यक्ती आणि वल्ली’तील अंतू बर्वाही त्यांचाच. दूरदर्शनमालिका आणि ‘सिंघम’ (2011) सारखे चित्रपट यांतही वाट्यास आलेली लहान भूमिका त्यांनी कमी लेखिली नाही. आत्मचरित्रासही त्यांनी नाव दिले, ‘मी एक छोटा माणूस’!

अशा नटास एप्रिल 2017 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे भरलेल्या 97 व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद लाभले. हा जिल्हा तुळजाभवानीचा. गोंधळ्याच्या कथेस साथीदाराच्या होकारावाचून रंग चढत नाही, हे येथील रसिकांस निराळे सांगावयास नको.

24 जुलै 2023 रोजी सावरकर निवर्तले. नायकाच्या शेजारी उभे राहण्यातही आयुष्याचे सार्थक असते, एवढे मात्र ते दाखवून गेले.