शाळाबाह्य मुलांचे वर्ग : आमचा हिशेब

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतीराव फुले, सावित्रीमाई आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्या स्मृतीला वंदन करून आम्ही दोन शब्द बोलणार आहोत. आम्ही विद्वान नव्हे. गिरणीच्या पाळ्या करता करता जे वाचता आलं तेवढीच आमची शिदोरी. समितीने सांगितलं, शाळा सुटलेल्या मुलांसाठी आपण जे वर्ग चालवतो त्यांच्या कार्याचा गौरव करा. गौरव पुढच्या वर्षी करू. आज हिशेब मांडतो. हिशेब मांडायची शिकवण बाबासाहेबांचीच आहे.

१२ मार्च १९२७. महाडच्या चवदार तळ्याच्या संग्रामाला अजून आठ दिवस होते. त्या दिवशी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेब शिक्षणाच्या खर्चावर बोलले. सरकारी पक्ष शाळा किती, मुलं किती हे सांगत होता. बाबासाहेबांनी वेगळाच आकडा पुढे ठेवला. प्राथमिक शाळेत शंभर मुलं दाखल होतात, त्यांतली चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. बंधूंनो, शिक्षणाचं मूल्यमापन कसं करावं हे यात सगळं आलं. दारातून आत किती आले हे सगळेच मोजतात. शेवटपर्यंत टिकले किती आणि शिकले किती, ते मोजायला हिंमत लागते.

आता आपल्या तालुक्यांकडे या. शहापुरात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबई पिते. आणि चैत्र-वैशाखात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. मुरबाडला लागून बारवी धरण, त्याचं पाणी कारखान्यांना आणि शहरांना. भाताचं एक पीक निघालं की रानात काम नाही. मग दसरा-दिवाळीला मुकादम वाडीवर येतो, उचल देतो, आणि कातकरी कुटुंबं भांडीकुंडी बांधून भिवंडी, पडघा, कल्याण, पनवेलकडे वीटभट्टीवर जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, पोराचं वर्ष दिवाळीला मोडतं. भूकंप-पूर आला की संकट पेपरात छापून येतं. हे संकट दर वर्षी येतं, म्हणून त्याला कोणी संकट म्हणत नाही. त्यावर मार्च २०२० नंतर टाळेबंदी आली. लहान वर्गांच्या शाळा जवळजवळ दोन वर्षं बंद राहिल्या. ज्यांच्या घरी एकही मोबाईल नव्हता ती पोरं तेव्हा सुटली ती सुटलीच. २०२२ साली शेजारच्या इगतपुरी तालुक्यातलं उभाडे गावचं प्रकरण आपण सर्वांनी वाचलं. कातकऱ्यांची लहान लेकरं मेंढ्या राखायला दिली गेली होती आणि एका मुलीचा त्यात जीव गेला. शाळाबाह्य म्हणजे काय, याचा याहून कडवट अर्थ आम्हाला माहीत नाही.

अशा मुलांसाठी आपल्याकडे पूर्वीपासून प्रयत्न झाले. जोतीराव-सावित्रीमाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. पोर गुरांमागे जातं, तर शाळाच कुरणात नेली. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेत चित्राताई नाईक यांनी १९७९ पासून खेड्यांतल्या कामकरी मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले, आणि परीक्षेची भीती नको म्हणून मुलांचे मेळावे भरवून तिथे त्यांचं शिकणं तपासलं. १९९० च्या दशकात विधायक संसदेने वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या. भट्टीवर मजूर राहतात त्या झोपडीला भोंगा म्हणतात, हे आपल्याला सांगायला नको. या सर्वांत एक गोष्ट सारखी आहे. पोराच्या कामाची वेळ आणि जागा आधी पाहिली, वर्ग मागून काढला.

आम्ही काय केलं? नेमकं उलट.

आपला वर्ग विहारात संध्याकाळी भरत होता. मागच्या स्मरणिकेत त्याचा फोटोही छापला. हजेरीपट भरलेला. गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघेजण ठरवून बसलो आणि हजेरीपटावरची नावं घेऊन घरोघर गेलो. तेव्हा तीन गोष्टी कळल्या, त्या लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पहिली गोष्ट. आमचा वर्ग जोरात चालायचा जानेवारी ते एप्रिल, कारण शिकवणारी कॉलेजची मुलं तेव्हा मोकळी, आणि जयंतीला कार्यक्रम बसवायचा असतो. पण त्याच महिन्यांत वाडीवरची पोरं भट्टीवर असतात! मग वर्गात बसत होतं कोण? आपलीच शाळेत जाणारी मुलं. म्हणजे आम्ही फुकटची शिकवणी चालवली आणि अहवालात नाव घातलं शाळाबाह्य मुलांचं. वाडीवरच्या मुलांची हजेरी मात्र लागलेली. ती कोणी लावली? आमच्याच माणसांनी, चांगल्या मनाने. चांगल्या मनाने लावलेली खोटी हजेरी ही खोटीच असते.

दुसरी गोष्ट. एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी, आमच्या वर्गात दोन पावसाळे आलेली. तिला पुस्तक दिलं. तिने पहिला धडा घडाघडा म्हटला. आम्ही खूष. आमच्यातल्या एकाने सहज पान उलटलं आणि म्हणाला, हा वाच. तिने पुन्हा तोच पहिला धडा म्हटला. बोट नव्या धड्यावर, तोंडात जुना. आम्ही तिला पाठांतर शिकवलं होतं, वाचन नाही. खाली मान घालायची वेळ तिची नव्हती, आमची होती.

तिसरी गोष्टही तिच्याकडूनच कळली. भट्टीवर हजार विटांमागे पैसे मिळतात. आम्ही तोंडी विचारलं, अमुक हजार पाडल्या, इतकी उचल फिटली, राहिले किती? आमच्या आधी तिने उत्तर दिलं. दोन वर्षांत तिला काय येतं हे आम्ही विचारलंच नव्हतं. मग तिची आय म्हणाली, "दादा, हिला शेठची वही वाचाया शिकवा. आमाला दर साली सांगत्यात, उचल अजून बाकी हाय."

बांधवांनो, आमच्या मते तीच खरी परीक्षा. शेठच्या वहीतला आकडा त्या पोरीला वाचता आला, तर त्या घराच्या मानेवरचं कर्ज खरं की खोटं ते कळेल. गिरणीत कापड खात्यातून बाहेर पडण्याआधी तागा उलगडून टेबलावर ओढतात आणि दोष बघतात. वरची घडी छान दिसली म्हणून कोणी शिक्का मारत नाही. आणि आम्ही माणसांच्या लेकरांवर वरची घडी बघून शिक्के मारले.

तथागतांनी कालामांना सांगितलं की परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा. हे आपण दर पौर्णिमेला ऐकतो. मग आपल्या कार्यालाही तीच कसोटी लावायला नको का?

म्हणून यंदापासून आम्ही हिशेब असा ठेवणार आहोत. वर्गात घेताना प्रत्येक मुलाला अक्षर, शब्द, छोटा उतारा आणि गोष्ट वाचायला द्यायची, आणि ते कुठवर पोचलं ते लिहून ठेवायचं. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून हीच साधी रीत आहे. त्याला शाळा-कॉलेजातला तज्ज्ञ लागत नाही, आपल्या महिला मंडळालाही ते जमेल. दिवाळीआधी पुन्हा तेच वाचायला द्यायचं, पान मात्र नवं. दुसरं, पोराच्या आईबापाला आणि खुद्द पोराला विचारायचं, काय उपयोग झाला? तिसरं, दोन वर्षांनी जाऊन पाहायचं, ते मूल शाळेत टिकलं का. आणि जे सुटलं त्याचं नाव खोडायचं नाही. ते का सुटलं हे नावासमोर लिहायचं. आपला अहवाल यापुढे सुटलेल्या नावांपासून सुरू होईल.

वर्ग आता जून ते दिवाळी, विहारात नव्हे, वाडीवर. पुढे भट्टीवर आठवड्यातून एकदा जायला तरुण हवेत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाप्रमाणे वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेल्याला विशेष प्रशिक्षण हा मुलाचा हक्क आहे. जन्मदाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, मागे राहणाऱ्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण कार्ड खिशात चालून येत नाही. कुटुंब निघण्याआधी मुख्याध्यापकांकडे जाऊन ते मागावं लागतं. हे काम आपलं.

आणि आता थोडं आपल्या घरातलं. आठवी-नववीत शाळा सोडून भिवंडीच्या गोडाऊनला हमाली करणारी मुलं आपल्या वस्तीतही आहेत. चार पैसे हातात येतात म्हणून आपण गप्प बसतो. त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येतं, मुक्त विद्यालयाची वाट आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रशाळाही चालवली. त्यांना माहीत होतं, गरिबाच्या पोराला शिकायला फक्त रात्रच उरते. मग आपल्या विहाराचे दिवे वंदना झाल्यावर नऊ वाजता का विझतात?

आमची मागणी वर्गणीची नाही. प्रत्येक घराने एक मूल धरावं. आपलं नव्हे, वाडीवरचं. आपण शिकलो तेव्हा कोणीतरी आपलं नाव धरून ठेवलं होतं. त्या मुलाचं नाव, ते आज काय वाचू शकतं आणि दिवाळीला काय वाचू शकेल, एवढं एका वहीत लिहावं. पुढच्या वर्धापनदिनी स्मरणिकेत आमचा फोटो छापू नका. त्या वह्या इथे बुद्धमूर्तीसमोर ठेवा, सर्वांसमोर उघडा, आणि त्या पोरांनाच नवं पान वाचायला द्या.