ढोल कुणाचा, सुरी कुणाची?

(बोईसरच्या वस्तीतल्या पोरापोरींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे.)



मला विषय दिलाय तो असा : कॉम्प्युटरवर ढोलाची लूप कापायची तर सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? विषय ऐकून मागं बसलेले दोघं-तिघं काका हसले. हसू द्या. मी गोदीत माल उतरवणारा माणूस. दहावी पास. इंजिनिअर नाही. पण ताल काय असतो ते खांद्याला कळतं. कॉइल उचलताना चारजणांचा ताल चुकला तर एकाचा पाय जातो.

तुम्ही पोरं एमआयडीसीतली पाळी संपवून रात्री लॅपटॉपवर बीट बनवता. एप्रिलात मिरवणुकीला वाजतात ती गाणी तुमच्यातल्याच कुणीतरी केलेली असतात. आणि भेटला की एकच विचारता : दादा, कुठलं घेऊ? मी उलटं विचारतो. कापणार काय? ते कुणाचं? आणि कापून झाल्यावर नाव कुणाचं राहणार? सुरीची निवड या तीन प्रश्नांच्या मागून येते.

आधी कापणं म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळ्यांना माहीत नाही. लूप म्हणजे वाजवण्याचा छोटा तुकडा, पुन्हा पुन्हा फिरणारा. त्याचा वेग बदलायचा तर दोन वाटा. एक, सगळा तुकडाच ताणायचा. फार ताणला की थाप पसरते, चामड्याचा कडकपणा जातो, ओल्या पोत्यावर काठी हाणल्यासारखा आवाज येतो. दुसरी वाट कापण्याची. प्रत्येक थाप जिथं सुरू होते तिथं खूण करायची, तिथंच कापायचं, आणि दोन थापांमधलं अंतर कमी-जास्त करायचं. थाप तीच राहते, उसंत बदलते. मग एकेक तुकडा एकेका चावीवर बसवा आणि त्याच ढोलातून नवा ताल काढा.

ही युक्ती कंपन्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, काळ्या आणि गरीब लोकांच्या वस्तीत, जमैकाहून आलेला कूल हर्क नावाचा पोरगा १९७३ पासून पार्ट्या वाजवत होता. गाण्यात फक्त ड्रम वाजतो तेवढीच जागा लोकांना नाचायला आवडते, हे त्यानं हेरलं. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. मशीन मागून आली. १९८७ चं एसपी-१२०० सगळं मिळून दहाएक सेकंदांचा आवाज साठवायचं. १९९४ साली स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीनं रिसायकल काढलं, ते लूपमधल्या थापा आपोआप शोधून कापायचं. आजची सगळी सॉफ्टवेअरं त्याच वाटेनं चाललीत.

आता बघा, जगात सगळ्यात जास्त कापला गेलेला ढोल कुणाचा? ग्रेगरी कोलमन नावाच्या काळ्या ड्रमरचा. १९६९ साली द विन्स्टन्स या बँडनं एक तबकडी काढली. तिच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' हे गाणं होतं. त्यात कोलमन सहा-सात सेकंद एकटा वाजवतो. चार आवर्तनं, बस्स. त्या सहा-सात सेकंदांवर अमेरिकेतला रॅप उभा राहिला, लंडनचं जंगल म्युझिक उभं राहिलं. हजारो गाण्यांत तो तुकडा आहे. कोलमनला त्याचा पैसा मिळाला नाही. २००६ साली तो वारला. शेवटी त्याला घरसुद्धा नव्हतं, असं त्याच्याच बँडच्या रिचर्ड स्पेन्सरनं सांगितलं. २०१५ साली लोकांनी वर्गणी काढून स्पेन्सरला २४,००० पौंड दिले. तोपर्यंत ज्याचे हात होते तो मातीत गेला होता. 'फंकी ड्रमर'वाला क्लाइड स्टबलफील्ड, त्याचीही तीच गत. त्याचा ढोल जगभर वाजला, रॉयल्टी मात्र त्याच्यापर्यंत आली नाही. तो २०१७ साली वारला.

१९६९ हे साल आपणही विसरू शकत नाही. त्याच साली अमेरिकेतल्या कंपनीनं बांधलेल्या तारापूरच्या अणुभट्ट्या सुरू झाल्या. पुढं तीन आणि चार नंबरच्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. वीज लांब जाते, बिलावर गावाचं नाव नसतं. ढोलाचंही तसंच झालं. आवाज लांब गेला आणि हाताचं नाव मागं राहिलं.

मी गोदीवाला आहे म्हणून मला हे जास्त टोचतं. जहाजातून एक पेटी उतरते तर तिच्यावर नंबर असतो, मालकाचं नाव असतं. टॅलीवाला खूण करतो, कागद फाटला तर पेटी हलत नाही. भंगारालासुद्धा कागद लागतो. आणि माणसाच्या मनगटातून निघालेल्या थापेला कागद नाही! ती कुणीही उचलावी, कापावी, 'इंडियन ड्रम लूप' असं लेबल लावून विकावी.

आता आपल्या घरात या. आपल्या वस्तीत लातूर-नांदेडकडून पोटामागं आलेली माणसं आहेत, त्यांच्या आज्यानं हलगी वाजवली. कशासाठी वाजवली? दवंडीला, मढ्यापुढं, जत्रेत पाटलाच्या पालखीपुढं. कला म्हणून कुणी बोलावलं नव्हतं. जातीचं काम म्हणून जुंपलं होतं, आणि बदल्यात शिळे तुकडे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेलं मांस सोडा, लाचारी सोडा म्हणून सांगितलं. मग कित्येक घरांनी गावकीच्या कामांबरोबर हलगीही टाकली. बरोबर केलं. म्हणून आज एखादा काका रागावून विचारतो, "जी बापानं फेकली ती तू कॉम्प्युटरात घालून परत आणतोस?" त्या काकांचा राग मला मान्य आहे. त्यांना उत्तर द्यायचं तर कृतीनं द्यावं लागेल. हुकमानं वाजवणं गुलामी होती. आपल्या मर्जीनं, आपल्या सभेत, मोबदला घेऊन आणि नाव लावून वाजवणं वेगळं. आंबेडकरी जलशांनी वाद्यं हातात घेतली ती अशीच, पालखीसाठी नव्हे. पण फुकट रेकॉर्ड करून, नाव पुसून, कापून विकलं, तर ती गावकीच झाली. फक्त पाटलाच्या जागी डीजे आला.

माझ्या माहितीतल्या एका हलगीवाल्या काकांचं सांगतो. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट कारखान्याच्या मशीनमध्ये गेलं. हलगीला दोन काठ्या असतात. उजव्या हातात आखूड जाड टिपरू, डाव्या हातात लांब बारीक काठी. बोट गेल्यामुळं काकांची बारीक काठी केसभर उशिरा पडते. लग्नात कुणीतरी त्यांचं वाजवणं फोनवर धरलं. पुढं एका मिरवणुकीत ट्रकवरून तेच वाजत आलं. काका म्हणाले, "ही माझी हलगी हाय. माझं तुटलेलं बोट मी वळखत न्हाई का?" डीजेला विचारलं तर म्हणाला, पॅकमधून घेतलंय. पॅक कुणाचं? माहीत नाही.

सॉफ्टवेअर निवडायची माझी पहिली कसोटी या बोटातून निघते. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ नावाचं बटण असतं. सगळ्या थापा रेषेत आणून बसवतं. दाबलं की काकांची उशिरा पडणारी काठी सरळ होते आणि काका त्यातून निघून जातात. उरतो तो कुणाचाही ताल. म्हणून असं सॉफ्टवेअर घ्या की ज्यात हे बटण अर्धं दाबता येतं, किंवा वाजवणाऱ्याची चाल उचलून बाकीच्या वाद्यांना लावता येते. मशीननं माणसाच्या मागं चालावं.

दुसरी कसोटी : खूण हातानं सरकवता आली पाहिजे. आपोआप शोधणारं यंत्र आवाजाची उसळी बघतं. टिपरूची थाप मोठी, ती सापडते. बारीक काठीची थाप लहान, ती सुटते. संवेदना वाढवली की एकाच थापेचे दोन तुकडे करतं. आणि तारपा घ्या, आपल्या पालघर जिल्ह्याचा, वारल्यांचा. भोपळ्याचं वाद्य, वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो. त्यात उसळीच नाही! यंत्र गोंधळतं. तिथं मात्रेनं किंवा कानानंच कापावं लागतं. आणि मोजणी बघा. पुष्कळ सॉफ्टवेअरं उघडल्या उघडल्या चार-चाराची चौकट मांडून बसतात. केरवा आठ मात्रांचा, तो बसेल. दादरा सहाचा. चौकट बदलल्याशिवाय दादरा कापलात तर त्याचा पाय मोडतो.

तिसरी कसोटी : उद्या उघडलं पाहिजे. हप्त्यावर घेतलेलं, चोरून उतरवलेलं, ते एक दिवस बंद पडतं आणि तुमची कामं त्यात अडकतात. वर व्हायरस येतो, त्याच लॅपटॉपवर बहिणीचा अभ्यास असतो. काम साध्या वेव्ह फाइलींत बाहेर काढता आलं पाहिजे, प्रत्येक तुकड्याला आपण दिलेल्या नावानं.

आता नावं घेतो, लिहून घ्या. खिशात दमडी नसेल तर ऑडेसिटी. फुकट आहे, कायद्यानं फुकट आहे, जुन्या मशीनवर चालतं. थापेवर लेबल लावा, लेबलाप्रमाणं तुकडे वेगळे काढा. चावीवर वाजवता येणार नाही, पण कान तयार होतो. नव्या पोरानं इथूनच सुरू करावं. त्याच्या वर रीपर. साठ दिवस वापरून बघायला देतं; कमी कमाईवाल्याला परवाना ६० डॉलरचा. त्यातलं डायनॅमिक स्प्लिट थापांवर कापतं, तुकडे चाव्यांवर मांडायची सोय देतं. दोघं-तिघं मिळून वर्गणी काढली तर एका सामाईक मशीनसाठी होऊन जातं. माझं मत विचाराल तर आपल्यासाठी हेच.

एफएल स्टुडिओ आपल्याकडं फार चालतं, अर्धे डीजे त्याच्यावर. कापायला फ्रूटी स्लायसर आणि स्लायसेक्स. एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट, ही मोठी गोष्ट. पण त्याच्या फुकट नमुन्यात जपून ठेवलेलं काम परत उघडता येत नाही, आणि स्वस्त आवृत्तीत सगळी अवजारं नसतात. पैसे देण्याआधी नीट बघा. एबलटन लाइव्ह कापणीला फार सोयीचं. उसळीवर, मात्रेवर किंवा हातानं, कसंही कापतं. वाजवणाऱ्याची चालही उचलतं, म्हणजे काकांचं बोट वाचतं. पण पुरी आवृत्ती आपल्या काही महिन्यांच्या पगाराची. कर्ज काढून घेऊ नका. फोनवाल्यांसाठी कोआला सँपलर आहे, स्वस्त. डहाणू लोकलमध्ये उभ्या उभ्या काम होतं. त्यात कापणीची पुरी सोय घ्यायला वर पैसे लागतात.

सॉफ्टवेअर झालं. कच्चा माल राहिला. पॅक विकत घेण्याआधी आपल्या माणसाला बसवून रेकॉर्ड करा. हलगी शेकोटीवर तापवून चढवतात. थंड झाली, हवा दमट असली की ती उतरते. म्हणून तापवल्या तापवल्या घ्या, आणि एका लूपसाठी पहिल्या आणि दहाव्या मिनिटाच्या थापा मिसळू नका. प्रत्येक थाप सुटी सुटीही वाजवून घ्या, म्हणजे कापताना शेपूट एकमेकांत अडकत नाही. पंखा बंद करा. फोन हलगीच्या अगदी तोंडाशी धरू नका, आवाज फाटतो.

आणि कागद करा! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचे हक्क आले. २०१२ च्या दुरुस्तीनं, वाजवणारा म्हणून नाव लागण्याचा हक्कही आला. पण ध्वनिमुद्रणाचा मालक, कायदा म्हणतो, ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. म्हणजे रेकॉर्डिंग तुम्ही केलंत तर मालक तुम्ही व्हाल. ही ताकद ओळखा आणि तिच्यावर स्वतःच लगाम घाला. अर्ध्या पानावर लिहा : कुणी वाजवलं, कुठं, कुठल्या तारखेला, किती पैसे दिले, पुढं कमाई झाली तर वाटा किती. वाचता येत नसेल तर दोन माणसांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा. एक प्रत त्यांच्या घरी ठेवा. वारल्यांचा तारपा लागला तर पाड्यावर जाऊन विचारा; ते नको म्हणाले तर परत या. २०१९ साली मुंबईच्या स्वदेसी या रॅपवाल्या पोरांनी 'द वारली रिवॉल्ट' केलं, त्यात आरेचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर आहेत आणि गाण्यावर त्यांचं नाव आहे. असं करता येतं. अवघड काही नाही.

शेवटचं आणि कामाचं. येत्या रविवारी एक लॅपटॉप, एक फोन आणि एक वही घेऊन आपण इथंच बसू. वस्तीतल्या हलगीवाल्या, संबळवाल्या, ढोलकीवाल्या माणसांना मी बोलावतो. चहाचे आणि त्यांच्या खाड्याचे पैसे वर्गणीतून. फाइलीचं नाव 'लूप १', 'लूप २' असं ठेवायचं नाही. माणसाचं नाव, गावाचं नाव, साल. त्यातले शंभर तुकडे केलेत तर शंभर तुकड्यांवर तेच नाव. गोदीत पेटीला जेवढा मान मिळतो तेवढा तरी आपण आपल्या माणसाच्या मनगटाला देऊ.

जय भीम.