अल्डाब्रा बेटावरचा कचरा आणि बारा स्वयंसेवक
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणावरून)



आज मी आपल्याला एका दूरच्या बेटाची हकीकत सांगणार आहे. हिंदी महासागरात सेशेल्स नावाचा चिमुकला देश आहे. लोकसंख्या लाखाच्या आसपास. त्याची राजधानी माहे बेटावर आहे आणि तिथून हजार किलोमीटरहून दूर अल्डाब्रा हे प्रवाळबेट आहे. तिथे गाव नाही, बाजार नाही. संशोधन केंद्रातली मोजकी माणसे सोडली तर वस्तीच नाही. महाकाय कासवे मात्र लाखाहून अधिक आहेत. म्हणजे साऱ्या देशात जेवढी माणसे, जवळपास तेवढी त्या एका बेटावर कासवे! १९८२ साली युनेस्कोने या बेटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

जिथे माणूस राहत नाही तिथे कचरा कुठला, असे आपल्याला वाटेल. पण अल्डाब्राच्या किनाऱ्यावर प्लॅस्टिकचे ढीग साचले होते. समुद्री कासवे अंडी घालायला वाळूत येतात, त्यांच्या वाटेत जाळी आणि दोरखंड पडलेले. २०१९ साली सेशेल्समधील आणि इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठातील मिळून १२ स्वयंसेवकांनी निधी जमवला आणि ते तिथे पाच आठवडे जाऊन राहिले. तिथला खडक सुरीसारखा धारदार, वर कडक ऊन. त्यातून गोण्या वाहायच्या, वाळूत रुतलेली जाळी ओढून काढायची. अशा रीतीने त्यांनी २५ टन कचरा गोळा केला.

तरी मागे किती उरला? अंदाजे ५१३ टन! त्यात नुसत्या स्लिपरच सुमारे ३ लाख ६० हजार.

मित्रहो, मला या मंडळींचे कौतुक वाटते ते केवळ घाम गाळला म्हणून नव्हे. त्यांनी हिशेब ठेवला. काय सापडले, वजन किती भरले, माणशी किती तास लागले, पैसे किती गेले, हे सगळे लिहून ठेवले आणि २०२० साली शास्त्रीय नियतकालिकात छापले. श्रमाचे तास ९८०, खर्च सव्वादोन लाख डॉलरच्या जवळ. संपूर्ण बेट साफ करायचे तर १८ हजार तास आणि सुमारे ४७ लाख डॉलर लागतील. एवढा पैसा त्या छोट्या देशाने कुठून आणायचा? आणि का आणायचा?

कारण हिशेबात हेही निघाले की वजनाने ८३ टक्के कचरा मासेमारीच्या साधनांचा होता. तो काही बेटावरच्या लोकांनी टाकलेला नव्हता. सेशेल्सने तर २०१७ सालीच प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली होती. पुढे २०२३ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी समुद्रप्रवाहांचा अभ्यास मांडला. जमिनीवरून वाहून या बेटांकडे येणारा कचरा मुख्यतः इंडोनेशियाकडून येतो, आणि त्याखालोखाल भारत व श्रीलंकेकडून. तेव्हा त्या तीन लाख स्लिपरांत आपल्याकडची एकही नसेल, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

दुसऱ्याची घाण कोणी उचलायची, हा प्रश्न या सभागृहात समजावून सांगायची गरज नाही. उचलणाऱ्याला शाबासकी देऊन टाकणारे मोकळे होतात, हेही आपण पाहिले आहे. म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की सफाईच्या कामाला जाल तेव्हा झाडूबरोबर वही आणि वजनकाटाही न्या. नुसत्या फोटोवरून कोणाकडे काही मागता येत नाही.

प्लॅस्टिकबाबत जागतिक करार करायचा, असे २०२२ साली नैरोबीत ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाची बैठक मात्र कराराविनाच संपली. पैसा कोणी द्यायचा, हा तिथल्या वादाच्या मुद्द्यांपैकी एक होता.