पाइपाची पिचकारी



जेवणानंतर मी सॉफ्टवेअरवर बोलले तर निम्मी बॅच झोपेल, म्हणून पिचकारीवर बोलते.

आठवतंय ना, पाचवीत रंगपंचमीला आपल्यातल्या एकाने पीव्हीसी पाइपाच्या तुकड्याची पिचकारी आणली होती? जळगावात पाइपाच्या तुकड्यांना काय तोटा! दट्ट्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. धार थेट स्टाफरूमच्या खिडकीतून आत गेली आणि पिचकारी जप्त झाली.

त्याच वर्षी, १९९१ मध्ये, अमेरिकेत ‘सुपर सोकर’ नावाची पिचकारी धडाक्यात खपत होती. ती शोधणारा लॉनी जॉन्सन हा अलाबामातल्या मोबील शहरात वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा. १९६८ साली अलाबामा विद्यापीठात भरलेल्या विज्ञान प्रदर्शनात दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या त्याच्या यंत्रमानवाला पहिलं बक्षीस मिळालं. पाचच वर्षांपूर्वी त्याच विद्यापीठाच्या दारात राज्याचा गव्हर्नर काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला उभा राहिला होता. जॉन्सन पुढे अणुअभियांत्रिकी शिकला, हवाई दलात गेला, नासाच्या गॅलिलिओ यानावर काम केलं. १९८२ मध्ये तो घरी, फावल्या वेळात, पाण्यावर चालणारा हीट पंप करत होता. बाथरूमच्या नळाला नोझल जोडलं आणि पाण्याची धार सण्णकन पलीकडे उडाली. मग पीव्हीसी पाइप आणि अ‍ॅक्रिलिक घेऊन त्याने नमुना बनवला आणि लेकीच्या हातात दिला.

आपल्या पिचकारीत दट्ट्या रेटाल तेवढीच धार. त्याच्या पिचकारीत आधी पंप मारून हवा दाबून ठेवायची. चाप ओढला की साठलेला सगळा जोर एकदम बाहेर. तुमच्यापैकी ज्यांनी कपाशीवर पाठीवरच्या पंपाने फवारणी केली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. दाबलेल्या हवेचं हे तत्त्व आपण शिवारात पाठीवर घेऊन फिरत होतो.

नमुना झाला, पण बाजारात यायला आठ वर्षं गेली. स्वतः उत्पादन करावं म्हटलं तर पहिल्या हजार नगांनाच दोन लाख डॉलर लागणार होते. मात्र एक काम त्याने वेळेवर केलं होतं. १९८३ मध्ये अर्ज, १९८६ मध्ये पेटंट. म्हणून १९८९ मध्ये खेळणी बनवणाऱ्या लारामी कंपनीची माणसं भेटल्यावर तो निर्धास्तपणे सुटकेस उघडू शकला आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाणी उडवून दाखवू शकला. पुढे रॉयल्टीवरून वाद झाला, तेव्हा २०१३ मध्ये लवादाने हॅस्ब्रोकडून त्याला सुमारे सात कोटी तीस लाख डॉलर मिळवून दिले.

कंपनीत दोन पेटंटांवर शोधक म्हणून माझंही नाव आहे. मालकी अर्थात कंपनीची. आपल्याकडे डोकं कमी आहे असं मला वाटत नाही. मुंबईचे शंकर आबाजी भिसे शंभर वर्षांपूर्वी लंडन-न्यूयॉर्कला जाऊन पेटंटं घेत होते. आपल्याकडे काय होतं, तर वस्तू चालली की माणूस खूश होतो आणि आल्यागेल्याला दाखवत सुटतो. वस्तू एकदा जगजाहीर झाली की पेटंटाच्या दृष्टीने ती नवी उरत नाही. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर भरायची फी १६०० रुपये आहे. काम अर्धवट असेल तरी तात्पुरतं विवरण देऊन तारीख पदरात पाडता येते. पूर्ण विवरणाला बारा महिने मिळतात. वकिलाचा खर्च वेगळा, हे खरं. पण गावाकडच्या संशोधकांना नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन पेटंटासाठी मदत करतं.

हे सगळं आज का सांगतेय? तो पिचकारीवाला मित्र समोरच बसलाय. आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. मघाशी जेवताना त्याने आम्हा तिघी-चौघांना एक नवीन यंत्र मोबाइलवर दाखवलं. ते काय आहे ते मी बोलणार नाही, कारण हे भाषण स्मरणिकेत छापलं जाणार आहे. भो, आधी अर्ज कर, मग काय वाजवायचा तो डंका वाजव. धुळ्याला माझ्याबरोबर इंजिनिअरिंगला असलेली एक मैत्रीण आता हेच काम करते. तिचा नंबर देते, उद्याच फोन कर.

आणि सर, ती जप्त केलेली पिचकारी अजून स्टाफरूमच्या कपाटात असेल, तर तेवढी आज परत द्या.