ब्रेक अडकून बसतो तेव्हां

मोटार वेळेवर थांबली नाहीं तर काय होईल, ही धास्ती ती चालविणाराच्या मनांत नेहमींच असते. परंतु एकदां थांबविलेलें चाक पुन्हां मोकळें झालें नाहीं तर काय होईल, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुत: ब्रेकचें काम दुहेरी आहे. पाय दाबतांच त्यानें चाक धरलें पाहिजे, आणि पाय उचलतांच सोडलेंही पाहिजे. समुद्रकांठच्या आवारांत सारा पावसाळा उभी राहिलेली गाडी गणपतीच्या दिवसांत कोंकणच्या रस्त्याला लागते, तेव्हां हा दुसरा दोष पुष्कळदां डोकें वर काढतो. श्रोतेहो, तो ओळखावा कसा व दुरुस्त करावा कसा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनीच आहे. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर या यंत्रज्ञानें १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें. पुढें १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत असे ब्रेक बसविलेल्या जॅग्वार गाडीनें पहिला क्रमांक पटकाविला, आणि त्यांची योग्यता जगाच्या नजरेस आली. आज बहुतेक मोटारींच्या निदान पुढील चाकांना हेच ब्रेक असतात.

त्यांची रचना समजण्यास कठीण नाहीं. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते, ती डिस्क. तिला दोहों बाजूंनीं चिमटींत धरणारें जें ओतीव अवजार, तो कॅलिपर. पायाचा दाब नळींतील द्रवामार्फत कॅलिपरमधील पिस्टनवर येतो. पिस्टन आंतलें पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेनें सबंध कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवरून सरकून बाहेरचें पॅडही दाबतो. मग पाय उचलल्यावर पिस्टनला मागें कोण घेतें? पिस्टनभोंवतीं चौकोनी छेदाचें एक रबरी कडें असतें. दाबाच्या वेळीं तें किंचित् मुडपतें, आणि दाब जातांच पूर्ववत् होतांना पिस्टनला केसभर मागें ओढतें. सारी मदार या केसभर हालचालीवर! धूळ अडविणारें रबरी झांकण फाटून पाणी आंत शिरलें व पिस्टन गंजला, किंवा पिनांवरील ग्रीस वाळून गेलें, कीं ती हालचाल थांबते आणि पॅड डिस्कला घांसत राहतें.

घांसण्यानें उष्णता वाढते, आणि खरा धोका तेथें आहे. ब्रेकच्या द्रवाला लोक ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. पण नेहमींच्या गाड्यांत तें तेल नसून हवेंतील ओल शोषून घेणारा एक निराळाच द्रव असतो. ‘डॉट ४’ या प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदु निदान २३०° सेंटिग्रेड असावा लागतो, सुमारें ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतर तीच किमान मर्यादा १५५° धरलेली आहे. घाट उतरतांना अडकलेलें चाक इतकें तापूं शकतें कीं, हा द्रव उकळून त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं, वाफ दाबली जाते. मग पायाखालचें पेडल तळाशीं जातें आणि गाडी थांबत नाहीं. न सोडणारा ब्रेक शेवटीं न धरणारा ब्रेक होतो, तो असा.

आतां लक्षणें पाहूं. ब्रेक लावलेला नसतां गाडी एका बाजूस ओढते. पेट्रोल अधिक लागतें. एका चाकाशीं जळकट वास येतो. प्रथम टायरांतील हवा सारखी आहे ना, तें पाहावें. मग थोडें अंतर, होतां होईतों ब्रेक न वापरतां, गाडी चालवून प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा. स्पर्श मात्र करूं नये. एकच चाक फार तापलेलें असेल, तर संशयाला जागा आहे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतूं नये. ती वांकण्याची किंवा तडकण्याची भीति असते.

पुढील परीक्षा गाडी निवल्यावर करावी. सपाट जागीं इतर चाकांना उटी लावावी, नट सैल करून मग जॅक चढवावा, आणि गाडी भक्कम घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं जाणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. ब्रेक एकदां दाबून सोडावा व चाक फिरवून पाहावें. तें जड असल्यास कॅलिपरवरील ब्लीडर किंचित् उघडावा. चाक तत्काळ सुटलें, तर दाब नळींत कोंडला आहे. एकाच चाकाची तक्रार असल्यास रबरी नळी आंतून फुगली असण्याचा संभव मोठा. चाक सुटलें नाहीं, तर दोष पिनांत किंवा पिस्टनमध्यें शोधावा. कॅलिपर हातानें पिनांवर सरकत नसेल, तर पिना दोषी. सरकत असून पिस्टन शिकंज्यानेंही मागें जात नसेल, तर पिस्टन दोषी. मागील चाकांच्या कांहीं कॅलिपरांत पिस्टन दाबावयाचा नसून फिरवून आंत बसवावयाचा असतो, आणि तेथें हँडब्रेकची तारही तपासावी लागते.

पिनांचा दोष सोंपा. त्या काढून स्वच्छ कराव्या आणि ब्रेकसाठींच मिळणारें ग्रीस लावावें. साधें ग्रीस किंवा इंजिनचें तेल वापरल्यास रबर फुगतें. कॅलिपर नळीला लोंबकळत ठेवूं नये, तारेनें वर बांधावा. पिस्टन बाहेर काढण्याचें काम मात्र जाणत्या मेकॅनिकचें आहे. दाबानें सुटलेला पिस्टन बोटें चिरडूं शकतो. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर तो बदलावा, रबरी कडें व झांकण नवींच घालावीं, आणि आंतलें नळकांडें गंजानें खाल्लें असल्यास सबंध कॅलिपर नवा बसवावा. पॅडें एकाच चाकाचीं न बदलतां समोरासमोरील दोनही चाकांचीं बदलावीं. शेवटीं नवा द्रव भरून आंतील हवा काढावी, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावें, आणि मोकळ्या जागीं सावकाश चालवून खात्री करावी.

हातोड्याचे दोन ठोके मारून चाक मोकळें करून देणारा कारागीरही भेटतो. चाक फिरूं लागतें, मालक संतुष्ट होतो. परंतु गंज जागच्या जागीं राहतो आणि पुढच्या घाटांत आपलें काम करतो. म्हणून गाडी परत घेतांना मालकानें एकच प्रश्न अवश्य विचारावा: चाक अडलें कशानें होतें? पिन, पिस्टन वा नळी, यांपैकीं एकाचें नांव ज्याला सांगतां येत नाहीं, त्याची दुरुस्ती अजून पुरी झालेली नाहीं असें समजावें. पोरांबाळांनीं भरलेली गाडी कशेडीचा घाट उतरूं लागण्यापूर्वीं या प्रश्नाचें उत्तर मिळालेलें बरें.