ॲप एकच, स्वभाव वेगळे



मी बडोद्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. एमबीबीएसच्या मुलांचे आईवडील भेटले की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, दिवसभर मोबाइलवर लेक्चर बघतो. खरंच शिकतोय का?” माझ्या मते याचं उत्तर ॲपपेक्षा मुलाच्या स्वभावात जास्त सापडतं.

मानसशास्त्रात स्वभाव मोजायला पाच पट्ट्या वापरतात. नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणं आणि चिंता करण्याची प्रवृत्ती. प्रत्येक पट्टीवर आपण कमी-जास्त कुठेतरी असतोच. आता हीच माणसं ऑनलाइन शिकायला बसली की काय होतं, ते बघू.

आधी काटेकोरपणा. आपण शिकलेलं किती झपाट्याने विसरतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं. अंकीसारखी फ्लॅशकार्डची ॲप्स त्यावरच उपाय करतात. विसरायच्या बेतात असताना तेच कार्ड पुन्हा समोर आणतात. पण ॲप रोज उघडलं तर! चार दिवस चुकले की शेकडो कार्डं साचतात आणि मग उघडायचीच भीती वाटते. काटेकोर मुलाला हे साधन वरदान आहे. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याने मात्र रेकॉर्ड केलेल्या लेक्चरच्या भरवशावर राहू नये. त्याला ठरलेली वेळ लागते आणि शेजारी बसून अभ्यास करणारा मित्र लागतो.

नव्याची ओढ असलेली मुलं हुशार असतात, पण एकाच विषयाची तीन जणांची लेक्चरं आणि टेलिग्रामवरच्या पन्नास पीडीएफ गोळा करतात. त्यांनी एका विषयाला एकच साधन धरावं. चिंता करणाऱ्यांना प्रश्नसंचाखाली दिसणारी रँक छळते. त्यांनी आधी घड्याळ न लावता प्रश्न सोडवावेत आणि रँकआधी उत्तराचं स्पष्टीकरण वाचावं.

आणि अबोल मुलं? मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं आणि वर्ग स्क्रीनवर आले. वर्गात कधीच हात वर न करणारी मुलं चॅटबॉक्समध्ये भराभर उत्तरं लिहू लागली. इतकी तयारी यांच्याकडे होती, हे मला तेव्हा कळलं. उलट, एरवी वर्ग डोक्यावर घेणारी मुलं त्या काळ्या चौकोनांसमोर कोमेजून गेली.

इथे एक सावधगिरी. ‘मी बघून शिकणारा’, ‘मी ऐकून शिकणारा’ अशी लेबलं लावून घेऊ नका. त्या प्रकारानुसार शिकवल्याने जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञांनी २००८ मधल्या एका मोठ्या आढाव्यात काढला. पुस्तक मिटून आठवून बघणं मात्र बहुतेक सगळ्यांनाच उपयोगी पडतं. ती सवय कशी टिकवायची, एवढंच स्वभावानुसार बदलतं.

आता मुख्य मुद्दा. बेल्जियममधल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या वर्षांत बहिर्मुख स्वभाव गुणांना फारसा उपयोगी पडत नव्हता. पुढे प्रत्यक्ष काम वाढलं, तसा तो उपयोगी पडू लागला. काटेकोरपणाचं वजनही वर्षागणिक वाढत गेलं. म्हणजे डॉक्टरकीचा अभ्यास जसजसा रुग्णाजवळ जातो, तसतसा तो स्वभावाची परीक्षा घेतो.

ऑनलाइन साधन ही परीक्षा टाळू देतं. ॲपवरच्या केसमध्ये रुग्ण सगळं ओळीने सांगतो. वॉर्डात आजोबांना विचारा, “शुगर आहे का?” ते म्हणतात, “नाही.” कारण गोळीने ती ताब्यात आहे, म्हणजे त्यांच्या लेखी गेली! “रोज कुठल्या गोळ्या घेता?” हा पुढचा प्रश्न विचारायला धीर लागतो, आणि आमच्याकडे तो गुजरातीत विचारावा लागतो. आजींची तक्रार सून बाहेर गेल्यावरच कळते. तिथे चॅटबॉक्स नसतो. अबोल विद्यार्थी पहिल्या उत्तरावर थांबला, तर त्याचे गुण कमी होणार नाहीत कदाचित. पण रुग्णाचं निदान चुकेल.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच रुग्णांची ओळख आणि संवादाचं शिक्षण आलं, ते याचसाठी. पण ते तासापुरतं राहिलं तर काय उपयोग?

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते: अभ्यासाचं साधन स्वभावाला धरून निवडा, आणि आठवड्यातून एक काम स्वभावाविरुद्ध करा. अबोल असाल तर मोबाइल खिशात ठेवून एका रुग्णाशी पंधरा मिनिटं बोला. बोलके असाल तर एक तास एकट्याने कार्डं करा. चिंता वाटत असेल तर ज्युनिअरला एक धडा समजावून सांगा. स्वभाव एका दिवसात बदलत नाही, पण सवयीने माणूस तयार होतो.

आणि पालकांनो, तुम्ही काशीत असा की कोइमतूरला, संध्याकाळी फोनवर “किती व्हिडिओ झाले?” असं विचारू नका. “आज कुठल्या पेशंटशी बोललास? काय म्हणाले ते?” असं विचारा. उत्तर लांबलचक आलं, तर समजा, शिक्षण चालू आहे.